ब्रेकमास्तरांचा भोपळा

मास्तरांचं उभं आयुष्य गाडीत गेलं, पण स्टिअरिंगपुढे ते क्वचितच बसले. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ते. त्यांची जागा शिकणाऱ्याच्या शेजारची, आणि त्या सीटपुढे त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक बसवून घेतलेला. शिकणारा घाबरला की मास्तर ब्रेक दाबायचे. शिकणारा घाबरला नाही तर जास्त जोरात दाबायचे. अशा रीतीने निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, आणि निम्मं गाव त्यांना 'ब्रेकमास्तर' म्हणू लागलं.

या नोकरीचा एक परिणाम मात्र कायमचा राहिला. त्यांचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात राहिला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा मानेजवळ आला की पाय खाली जायचा आणि खुर्ची गिरकी घ्यायची. सिनेमात गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून "अहो काका!" म्हणायचा. बायको रात्रीही त्यांच्या उजव्या बाजूला झोपत नसे.

बायको सरकारी दवाखान्यात मुख्य परिचारिका. गल्लीत सगळे तिला 'सिस्टर' म्हणत, आणि एकदोनदा गडबडीत मास्तरांनीही तशी हाक मारली होती. ती त्यांना अजून ऐकवली जाते.

डोळे मंदावले तसं मास्तरांनी स्कूल भाच्याकडे सोपवलं आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. "गॅस कमी कर." "अगं, झाकण बघून ठेव, मागे हात आहे." "एकदम वळू नकोस." सिस्टरनी चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी त्यांनी हातातला झारा ओट्यावर ठेवला आणि मिरचीच्या बियांची पुडी मास्तरांच्या हातावर टेकवली.

"अहो, बाहेर एवढा व्हरांडा पडलाय. तिथे काहीतरी लावा. झाडं पळत नाहीत, त्यांना ब्रेकही लागत नाही. जा."

मास्तर गेले. आणि जे काही करायचं ते नीट शिस्तीत करायचं, या स्वभावाने त्यांनी व्हरांडा भरून टाकला. कुंडी मात्र एकही विकत आणली नाही. स्कूलचे गुळगुळीत झालेले टायर आणले, त्यांच्या भोकात रस्त्यावर ठेवायचे नारिंगी शंकू उलटे खोचले. शंकूच्या टोकाला आयतं भोक, पाणी झिरपायची सोय झाली. एका शंकूत पुदिना, दुसऱ्यात कोथिंबीर. जुन्या हेल्मेटात मिरची. डिकीच्या झाकणाचं ताट करून त्यात पालक. लिंबासाठी रंगाचा डबा. आणि कोपऱ्यात, मानाच्या जागी, अर्धा कापलेला निळा पिंप, त्यात लाल भोपळ्याचा वेल.

हा वेल मास्तरांचा लाडका विद्यार्थी. रोज सकाळी ते त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचे. "डावीकडे घे. डावीकडे! खांब दिसत नाही का? हां, आता सरळ." वेल उजवीकडेच जायचा. मास्तर उठून त्याला धरून डावीकडे वळवायचे आणि स्कूलच्या जुन्या पाटीला सुतळीने बांधायचे. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सावधान, शिकाऊ चालक'. येणारे-जाणारे पाटी वाचायचे, भोपळ्याकडे बघायचे आणि दोन पावलं लांबून जायचे.

मग वेलाला फुलं आली. पिवळीधमक, लांब देठाची, ढीगभर. मास्तरांनी भिंग घेऊन तपासणी केली. एकाही फुलाखाली फळाचा पत्ता नाही. नुसती देठं आणि नुसता तोरा.

"कामचुकार!" मास्तर म्हणाले. "खायचं-प्यायचं माझ्या पिंपातलं आणि काम काही करायचं नाही." त्यांनी सगळी फुलं खुडून टाकली. पुन्हा आली, पुन्हा खुडली. सकाळी चहा घ्यायचा, कामचुकार खुडायचे, मग पेपर.

काही दिवसांनी वेगळी फुलं दिसायला लागली. यांच्या बुडाशी लिंबाएवढा इवलासा भोपळा! मास्तरांची छाती फुगली. त्यांनी सिस्टरना हात धरून बाहेर आणलं. "बघ, शिस्त लावल्याचा परिणाम." पण तो लिंबाएवढा भोपळा पुढे काही मोठा होईना. पिवळा पडला, सुरकुतला, टपकन गळून पडला. मग दुसरा. मग तिसरा. मास्तरांनी खत बदललं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, पिंप उन्हात ओढला, सावलीत ढकलला. पिंप ढकलताना कंबर धरली ती वेगळीच.

त्यातच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, जड उचलू नका म्हणाले आणि गाडीला काही आठवडे हातही लावायचा नाही अशी तंबी दिली. मास्तर काळा चष्मा लावून, शेवटचा गळालेला भोपळा खिशात घालून, चालत कोपऱ्यावरच्या रोपवाल्या आजींकडे गेले. आजींचं रोपांचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं.

आजींनी सगळी हकीकत ऐकली. "लांब देठाची फुलं खुडलीत म्हणता?"

"एकूण एक."

आजी खाली बसल्या. त्यांना उभं राहून हसणं झेपेना. "अहो मास्तर, ते नवरे होते! भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नराचे पराग मादीला लागले नाहीत तर भोपळा धरायचा कसा? तुम्ही सगळे नवरे खुडलेत आणि बिचाऱ्यांना वर कामचुकार म्हणालात!"

मास्तरांच्या भ्रमाचा भोपळा तिथल्या तिथे फुटला. बाकी त्यांच्या नशिबात तोच एक भोपळा होता असं दिसत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "एक मादी कळी राहिलीय अजून. उद्या उमलेल असं वाटतंय. नर कळी एकही नाही."

"मग आणा कुठून तरी. सकाळीच आणा हं, ऊन चढलं की फूल मिटतं, मग काही उपयोग नाही. माझ्याकडे आत्ता वेल नाही. पण तुम्हाला दिल्या त्याच बिया बेकरीवाल्या ताईंच्या नणंदेनेही नेल्यात. तिच्या व्हरांड्यात फुलांचा नुसता बाजार भरलाय म्हणे. गावाबाहेर राहते. ताई नेतील तुम्हाला गाडीतून."

मास्तरांचा पाय आपोआप दाबला गेला. आजींच्या झेंडूच्या रोपावर.

बेकरीवाल्या ताई मास्तरांच्या समोरच राहायच्या, आणि दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण असं. ताई मास्तरांकडे गाडी शिकल्या. शिकताना मास्तरांनी एवढे ब्रेक दाबले की ताईंची समजूत झाली, गाडी आपली आपणच थांबते. परीक्षेच्या दिवशी साहेबांच्या गाडीत शेजारी ब्रेक नव्हता. ताईंनी गाडी सुरू केली आणि ती थांबायची वाट बघत त्या शांतपणे परवाना कचेरीच्या कुंपणातून आत गेल्या. मास्तर सगळ्यांसमोर ओरडले, "ताई, तुम्ही आपलं लाटणंच चालवा!"

ताईंनी दुसरीकडे शिकून परवाना काढला, गाडी घेतली, आणि तेव्हापासून रोज मास्तरांच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवायच्या. लांबलचक. गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी मास्तर उजाडताच व्हरांड्यात आले. कळी उमललेली. एवढी मोठी, एवढी पिवळी, आणि बुडाशी गोल गरगरीत इवला भोपळा. वेलावर हीच एक. सिस्टर ड्युटीवर निघाल्या होत्या. त्यांनी फुलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि समोरच्या घराकडे बोट केलं.

"मी नाही जाणार तिच्या दारात," मास्तर म्हणाले.

"नका जाऊ. म्हणजे हिलाही गळून पडू द्या," म्हणून सिस्टर निघून गेल्या.

मास्तर दहा मिनिटं फुलापुढे येरझारा घालत राहिले. फुलावर एक मधमाशी आली, आत डोकावली आणि रिकाम्या हाताने परत गेली. ते मास्तरांना बघवेना. ते रस्ता ओलांडून गेले.

ताई गाडीत केक ठेवायच्या खटपटीत होत्या. तीन मजली, गुलाबी, वर साखरेचा हत्ती. काळा चष्मा लावलेल्या मास्तरांना समोर बघून त्यांच्या हातातला खोका हलला.

"काय?" ताई म्हणाल्या.

"नर फूल पाहिजे," मास्तर म्हणाले.

हे वाक्य असं तोडून बोलायला नको होतं, हे त्यांना ताईंचा चेहरा बघून कळलं. मग त्यांनी घाईघाईने सगळं सांगितलं: कामचुकार, नवरे, पिंप, आजी, नणंद, ऊन. ताईंनी हसू कसंबसं ओठात धरून ठेवलं.

"मी तिकडेच निघालेय, केक पोचवायला. या. पण दोन अटी. एक, हा केक मांडीवर धरायचा. दुसरी, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"कबूल."

"आणि पाय हलवायचा नाही."

"ही तिसरी झाली."

"राहू द्या मग."

"कबूल, कबूल!"

मास्तर केक मांडीवर घेऊन बसले. समोर हत्ती, हत्तीच्या कानांमधून रस्ता. गाडी निघाली, आणि पहिल्याच वळणावर त्यांचा उजवा पाय खाली गेला. तिथे ब्रेक नव्हताच, पण गुडघा वर आला, गुडघ्यावरून खोका वर आला, आणि हत्तीने सोंडेने मास्तरांच्या नाकाला गुलाबी टिळा लावला.

"पाय," ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मास्तरांनी डावा पाय उजव्या पायावर टाकून त्याला जखडून ठेवलं. समोरून ट्रक आला. डाव्या पायाखाली उजवा पाय तडफडत होता. एक कुत्रं आडवं आलं, एक सायकलवाला हात न दाखवता वळला, सिग्नल पिवळा झाला. मास्तरांना घाम फुटला. पण जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं की काहीच झालं नाही. ताई वेळेवर गती कमी करत होत्या, अंतर राखत होत्या, आरसा बघत होत्या. बाई उत्तम गाडी चालवत होती! मास्तरांना याचं फार वाईट वाटलं. इतकं सुरेख शिकवलं कोणी हिला? आपण तर नाही!

तेवढ्यात ताई इंडिकेटर न देता डावीकडे वळल्या.

"इंडि..." मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी गाडी थांबवली. वळणाच्या मधोमध. मागे पाच-सहा गाड्यांनी एकदम भोंगे वाजवले.

"बोला," ताई म्हणाल्या. "बोलायचंच असेल तर आधी त्या लाटण्याचं बोला."

"अहो ताई, मागे गाड्या..."

"असू देत. त्यांना ब्रेक आहेत. लाटण्याचं."

भोंग्यांचा कल्लोळ झाला. एका रिकाम्या टेम्पोचा चालक उतरून आला आणि खिडकीत वाकला. "काय झालं काकू, गाडी बंद पडली?"

"नाही, हे माफी मागतायत," ताई म्हणाल्या.

"कशाबद्दल?"

"लाटण्याबद्दल."

टेम्पोवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. काळा चष्मा, नाकावर गुलाबी मलई, मांडीवर हत्ती. त्याला दया आली. "काका, मागून टाका. मला पण उशीर होतोय."

मास्तर हत्तीकडे बघत म्हणाले, "ताई, मी तसं बोलायला नको होतं. चूक माझीच होती. मीच सारखा ब्रेक दाबायचो, तुम्हाला गाडी थांबवायला शिकवलंच नाही." मग त्यांना राहवलं नाही. "पण इंडिकेटर द्यायला हवा होता."

"तो द्यायला हवा होता," ताईंनी मान्य केलं, आणि गाडी सुरू केली.

केक पोचला. हत्तीची सोंड ताईंनी बोटाने पुन्हा वळवून दिली, कोणाच्या लक्षात आलं नाही. तिथून पुढे दोन गल्ल्यांवर नणंदेचं घर. तिचा व्हरांडा वेलांनी एवढा झाकला होता की दार शोधावं लागलं. नणंद आतून आली, ताईंकडून येण्याचं कारण ऐकून तिने हात पुसले, खुर्च्या मांडल्या आणि मास्तरांची उलटतपासणी सुरू केली.

"मुलगी कुठे असते?"

"व्हरांड्यात. पिंपात," मास्तर म्हणाले.

"ऊन?"

"सकाळचं, भरपूर."

"खातेपिते नीट?"

"शेणखत, आणि आठवड्यातून एकदा ताकाचं पाणी."

"वळण कसं आहे?"

मास्तर जरा घुटमळले. "उजवीकडे ओढ आहे. पण बांधून ठेवलंय."

"असं बांधून ठेवू नका हो, मोकळं वाढू द्यावं," नणंद म्हणाली. मग तिने दोन ताजी नर फुलं देठासकट तोडली आणि ओल्या रुमालात गुंडाळून केकच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. "चहा टाकते."

"चहा नको!" मास्तर ओरडले. "ऊन चढलं!"

परतीच्या वाटेवर ऊन खरंच चढत होतं. मास्तर दर मिनिटाला झाकण उचलून बघत. फुलांच्या पाकळ्या कडेने आत वळायला लागल्या होत्या. ताई आपल्या शांतपणे चाललेल्या. एका म्हशीला त्यांनी आधी जाऊ दिलं. एका शाळेच्या बसलाही. मास्तरांनी ओठ चावले, खोका छातीशी धरला, आणि शेवटी जन्मात कधी न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"ताई, जरा दाबा!"

"काय दाबू? ब्रेक?"

"ब्रेक कसला! दुसरं, दुसरं दाबा! पळवा!"

ताईंनी एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि पळवली. मास्तर पुढे झुकून "हां, शाबास, काढा बाहेरून, आता मोकळं आहे" असं म्हणत होते, आणि त्यांचा उजवा पाय खाली गेला होता खरा, पण या वेळी तो वेग वाढवत होता.

व्हरांड्यात पोचले तेव्हा मादी फूल अजून अर्धवट उघडं होतं. मास्तरांनी नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या, मधली पिवळी दांडी मोकळी केली आणि वाकले. काळ्या चष्म्यातून सगळं पिवळं एकच दिसत होतं. दांडी त्यांनी पानाला लावली, मग पाटीला, मग स्वतःच्या मिशीला.

"आणा इकडे," ताई म्हणाल्या. त्यांनी केकवर गुलाब काढणारा हात पुढे केला, दांडी फुलाच्या आत नेली आणि अगदी हळुवार फिरवली.

"सावकाश," मास्तर कानाशी कुजबुजत होते. "अजून जरा आत. हळू. हळू... बास! थांबा!"

आणि त्यांचा पाय दाबला गेला. थेट पाण्याने भरलेल्या झारीच्या काठावर. झारी उलटून उडाली, पाणी ताईंच्या डोक्यावरून पाठीत उतरलं, आणि ताईंच्या तोंडून जे शब्द निघाले त्यांनी पुदिन्याच्याही माना खाली गेल्या असतील. पण हात जागचा हलला नाही. फूल शाबूत राहिलं.

भोपळा धरला. चार दिवसांत तो लिंबाएवढ्याचा संत्र्याएवढा झाला, मग नारळाएवढा, मग बादलीएवढा. वेलाला भार पेलेना तेव्हा मास्तरांनी जुन्या गाडीचा सीटबेल्ट आणून भोपळ्याला बांधला. "सुरक्षेचा पहिला नियम," ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. सिस्टर ड्युटीवरून आल्या की सवयीने भोपळ्याच्या पोटावर हात ठेवून बघत. टेम्पोवालाही एकदा गल्लीतून जाताना मास्तरांना ओळखून थांबला आणि हकीकत ऐकून भोपळा बघून गेला. "यासाठी होय ते!" म्हणाला.

भोपळा उतरवायच्या दिवशी ताई आल्या, नणंद आली, रोपवाल्या आजी काठी टेकत आल्या. मास्तरांनी स्वतः सुरी चालवली. आत केशरी रंग असा की सगळ्यांच्या तोंडून "आहाहा" निघालं. सिस्टरनी फोडी केल्या, शिजवल्या, बशा भरल्या.

सगळ्यांनी एक एक घास घेतला. मग सगळे बराच वेळ चावत राहिले.

"छान आहे," ताई म्हणाल्या.

"वेगळीच चव आहे," नणंद म्हणाली.

"मऊ शिजलाय," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या जिभेने पहिल्यांदाच एवढा संयम दाखवला.

मास्तर सिस्टरकडे बघत होते. सिस्टरनी आयुष्यभर रोग्यांना सुई टोचताना "दुखणार नाही" असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली. "अहो, पाणचट आहे."

मास्तरांनी आणखी एक घास घेतला, जिभेवर घोळवला, डोळे मिटून नीट विचार केला.

"आहे खरा," ते म्हणाले. "अगदीच पाणचट."

आधी आजी फुटल्या. मग नणंद, मग ताई, मग भरल्या तोंडाने मास्तर स्वतः. हसता हसता नणंदेने सांगून टाकलं की तिच्या वेलाचे भोपळेही तसेच निघालेत, तिने ते गुपचूप शेजाऱ्यांना वाटून टाकले. आजींनी मान्य केलं की बियाच तशा होत्या, फक्त रंगाला चांगल्या. उरलेला भोपळा ताई घेऊन गेल्या. त्यांनी त्याचा केक करून पाहिला आणि तो गल्लीत सगळ्यांना फार आवडला, कारण त्यात भोपळ्याची चव अजिबात लागत नव्हती.

त्या रविवारी मास्तर पिंपातली माती उकरत होते. नणंदेने टरबुजाची रोपं देऊ केली होती. समोर ताईंनी गाडी बाहेर काढली तसे मास्तर हात झटकून रस्त्यापर्यंत गेले.

"ताई, नणंदेकडे निघालात का?"

"निघालेय. या," ताई म्हणाल्या. "पण मागच्या सीटवर बसायचं."